पाचवी तार

"हे नव्हे," नापुआ आंटी म्हणाल्या आणि सुईत पुढचं फूल ओवलं.

मोआनीने पोलादी कांडी तारांवरून उचलली. सकाळपासूनची ही तारांची तिसरी जुळणी. ए मेजर झाली, सी सिक्स्थ झाली, आणि आता ही, वडिलांच्या एका म्हाताऱ्या साथीदाराने फोनवर सांगितलेली. दर वेळी ती सहाही तारा नव्याने लावायची, मांडीवरच्या गिटारीवर गाण्याच्या पहिल्या चार ओळी वाजवायची, आणि आंटी मान वर न करता निकाल द्यायच्या.

"काय चुकतंय ते तरी सांगा."

"मला काय माहीत? मी गायचे, वाजवायचा माझा भाऊ, तुझा बाप. आजची ताजी पोई आणि दोन दिवसांची आंबलेली पोई जिभेला कळते ना? तसं कळतं मला. पुढचं तू बघ."

साडेतीन वाजले होते. चारला कामुएला येणार होता, आंटींचा मुलगा.

मोआनीच्या वडिलांना जाऊन उद्या वर्ष होत होतं. चर्चच्या हॉलमध्ये सगळं केआउकाहा गाव जेवायला येणार, आणि जेवणानंतर त्यांनी तिच्या आईसाठी केलेलं गाणं होणार. ते गाणं ते ज्या जुळणीत वाजवत, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. कामुएलाने वीस वर्षं त्यांचा अँप्लिफायर वाहिला, त्यालाही नाही. इथल्या घराण्यांत जुळणी अशीच जपतात, आपल्या माणसांपासूनही. आंटींनी ठरवून दिलं होतं: मोआनीला चारच्या आत ती सापडली तर गाणं तिचं. नाहीतर कामुएला हॉटेलात वाजवतो त्याच जुळणीत ते वाजवील, आणि उद्यापासून लोक तेच खरं मानतील.

"तारा नव्या दिसतायत," आंटी म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात दुकानातून बदलून आणल्या. गंजल्या होत्या."

"माझे गुडघेही गंजलेत. मला बदलणार का?"

मोआनी हसली नाही. तिने गिटारीच्या पेटीतल्या कप्प्यातून जुन्या तारांची पाकिटं काढली. नवी तार ज्या पाकिटातून काढली, त्यातच तिच्या जागची जुनी तार दुकानदाराने गुंडाळून दिली होती. पाकिटांवर आकडे छापलेले होते. वडिलांची वस्तू म्हणून ती ठेवली होती, उघडून मात्र पाहिली नव्हती. पाचव्या पाकिटात जाड, वेढ्यांची तार असायला हवी होती. बाहेर आली ती केसासारखी बारीक, साधी.

तिने बाकीची पाच पाहिली. त्यांतल्या तारा आकड्यांप्रमाणेच होत्या.

"आंटी, त्यांनी छोट्या युकुलेलेसारखं केलं होतं. जाड तारेच्या जागी बारीक, वरच्या सुराची."

"मला सांगू नकोस. वाजव."

"ही एकच आहे. चढवताना तुटली तर..."

"तर तुटली."

तिने नवी जाड तार काढली आणि गंजकी चढवली. बोटांना तांबूस भुकटी लागली. खुंटी अर्धा अर्धा वेढा फिरू लागली. तार करकरली. मोआनी थांबली.

"अजून," आंटी म्हणाल्या.

"तुटेल."

"अजून."

तिने चेहरा बाजूला केला, डोळे मिटले आणि खुंटी पिळली. आंटींच्या हातातली सुई फुलात अर्धी जाऊन थांबली.

"बस."

मोआनीने कांडी ठेवली. पहिली ओळ तिने फार हळू वाजवली. दुसरीत बारीक तार मध्येच वर उठली, जिथे आतापर्यंत नुसती घरघर होती तिथे. तिसऱ्या ओळीला आंटींनी खालचा सूर धरला, भावामागे तीस वर्षं धरला होता तसा.

चौथी ओळ संपायच्या आत अंगणातल्या खडीवर ट्रक वळला.

आंटींनी फुलं खाली टाकली, वाकून पाचवी खुंटी उलटी फिरवली आणि तार पार सोडवली.

"आंटी! काय करताय?"

"गप्प."

त्यांनी तार बोटाभोवती गुंडाळली आणि झग्याच्या गळ्यातून आत टाकली. सुटी पाकिटंही पायाने खुर्चीखाली सारली. कामुएला पायरीवर चपला काढत होता.

"काय गं, आज शाळेची बस चालवायला सुट्टी का?" त्याने आत येऊन मोआनीच्या खांद्यावर थाप मारली आणि गिटारीकडे पाहिलं. "पाचवी कुठाय?"

मोआनीने आंटींकडे पाहिलं.

"तुटली," आंटी म्हणाल्या.

"मग जाऊ दे ना. किती जीव काढशील तिचा, आई?" तो समोर उकिडवा बसला. आवाज खाली आला. "बाहेरून ऐकलं मी. चांगलं वाजत होतं. म्हणजे जवळपास आली होती ही?"

"आली असेल."

"कुठली जुळणी लावली होतीस, मोआनी?"

मोआनीचे हात मांडीवर तसेच होते. बोटांवर तांबूस भुकटी होती. तिने मुठी मिटल्या.

कामुएलाने त्या मुठींकडे पाहिलं, मग आईकडे. आंटी पडलेली फुलं एकेक करून वेचत होत्या.

"वीस वर्षं, आई," तो म्हणाला.

"माहीत आहे मला." त्यांनी सुई शोधली, दोरा ओढून घेतला. "उद्या तू युकुलेले घेऊन ये. आणि तिच्या पुढे उभा राहा, लोकांकडे तोंड करून, तिच्या तारा कुणाला दिसणार नाहीत असा. गाणं संपेपर्यंत मागे वळू नकोस."