पाय मोकळे करणारा कॅफे

अंग सांभाळायला ठेवायचे आधीचे दोन कॅफे हेरंबनं कंटाळून सोडले होते. मन कंपनीत कामाला गेलं, की मागे खुर्चीत उरलेल्या अंगाकडे तिथं कुणी ढुंकूनही बघत नसे. संध्याकाळी परत यावं, तर मान आखडलेली आणि ओठांवर माशा. बदलापूरच्या गायकरकाकूंचा कॅफे मात्र सगळ्यांनी वाखाणला होता.

"दुपारी सगळ्यांना पाय मोकळे करायला सोडते," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अंगं आपली आपण फिरून येतात. चुकत नाहीत हो."

आज तो अंगात परतला, तेव्हा नखं हिरवी झाली होती आणि बोटांना मेथीचा वास येत होता.

"दुपारचं जातं कुठं हे?"

"मी कशाला मागं जाऊ?" त्याच्या खुर्चीचा पट्टा सोडत काकू म्हणाल्या. "जिथं बरं वाटतं, तिथं जात असेल."

घरी बायकोच्या, मृण्मयीच्या पुढ्यात अर्धी निवडलेली मेथी होती.

"मी... दुपारी येतो?" त्यानं विचारलं.

"रोज येतोस." तिनं मान वर केली नाही. "बोलत काही नाहीस. शेजारी बसून भाजी निवडतोस. मी बोलते, ते ऐकतोस."

तिनं मेथीची एक काडी मोडली. मग हळूच म्हणाली, "हेरंब, तुला तिकडं कामावरच राहता नाही का येणार?"

तो संतापून काही बोलणार, एवढ्यात त्याची मान आपणहून हलली. होकारार्थी.