रविवारचा फोटो

"म्हणजे या रविवारी फोटो येणार नाही?" वहिनीने विचारलं.

"काही केलं नाही तर नाही येणार. म्हणून तर सुट्टी टाकून आले," धाकटी म्हणाली आणि दादाच्या कंप्युटरसमोर बसली.

दादा गेल्यापासून तो कंप्युटर हॉलच्या कोपऱ्यात तीन वर्षं अखंड चालू होता. वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, पण कुणाला बंद करू द्यायची नाही. जाण्याच्या वर्षभर आधी दादाने त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. दर रविवारी सकाळी नऊला तो दादाच्या फोटोंच्या ऑनलाइन खात्यात शिरायचा, हजारो जुन्या फोटोंतून चिठ्ठी काढावी तसा एक उचलायचा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवायचा. दादा गेला, तरी त्याच्या नावाने फोटो येतच राहिले.

धाकटीची नोकरी सुटली त्या आठवड्यात फोटो आला तो गुडघे फुटलेले असूनही सायकल न सोडणाऱ्या सात वर्षांच्या धाकटीचा. वहिनी ऑपरेशन होऊन घरी आली, तेव्हा आला दोघांच्या पहिल्या सहलीचा. त्यात तिची पर्स दादाने गळ्यात अडकवली होती. टाके दुखेपर्यंत हसली होती ती.

"योगायोग तरी किती गं," दोघी एकमेकींना म्हणायच्या.

नाना काहीच म्हणायचे नाहीत. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. मुलगा गेल्यापासून त्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. रविवारी विचारलंच कुणी, तर "बघितला" एवढंच. फोनवरची अक्षरं मोठी करायलाही सुनेला हाक मारायचे. आताही जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते.

"करायचं काय आहे नेमकं?" वहिनीने खुर्ची ओढली.

"दादाने प्रोग्राममध्ये सरळ आपला पासवर्डच लिहून ठेवला होता. म्हणजे घराची किल्लीच देऊन टाकलेली. फोटो साठवणारी कंपनी ते उद्यापासून बंद करतेय. आता प्रोग्रामने आधी विचारायचं, आणि खात्याच्या मालकाने 'परवानगी आहे' म्हणून बटण दाबायचं. त्यासाठी एक लायब्ररी मिळते, ती जोडली की झालं."

"लायब्ररी? पुस्तकांची?"

"नाही गं! दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. आपण आयता वापरायचा."

"तुझ्या दादाला आवडलं असतं. आयतं म्हटलं की तो पहिला."

धाकटीने दादाची फाइल उघडली. पहिल्याच ओळीत त्याने लिहिलं होतं, 'कारटे, तू हे वाचतेयस म्हणजे काहीतरी मोडलंयस.' ती खुदकन हसली. मग बराच वेळ तिला पुढची ओळ दिसेना. याच कोपऱ्यात, याच कीबोर्डवर त्याने तिला पहिला प्रोग्राम शिकवला होता. चुकलं की टपली, जमलं की अर्धं चॉकलेट. अर्धं तो स्वतः खायचा.

डोळे पुसून तिने नवी लायब्ररी जोडली. मग दर वेळी काय झालं ते प्रोग्राम आपोआप लिहून ठेवायचा, ती नोंदवही सहज उघडली आणि तिचा हात थांबला.

"वहिनी, हा प्रोग्राम चालतच नाहीये."

"उद्यापासून ना?"

"नाही. तीन वर्षांपासून. दादा गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून दर रविवारी एकच ओळ आहे. 'पासवर्ड चुकीचा, प्रवेश नाकारला.' कुणीतरी पासवर्ड बदललाय."

"अगं, पण मागच्या रविवारीसुद्धा फोटो आला."

"तू पाठवतेस?"

"मला वाटलं, तूच काहीतरी करत असशील."



"खात्यात शिरल्याशिवाय कळायचं नाही," धाकटी म्हणाली. तिने 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं. नोंदवलेल्या फोनवर कोड पाठवल्याचा निरोप पडद्यावर आला.

"काय उपयोग? त्याचा नंबर कधीच बंद केला आपण," वहिनी म्हणाली.

आतल्या खोलीत फोन वाजला. थोड्या वेळाने चष्मा कपाळावर सरकवत नाना दारात आले.

"हा कोड तुम्ही मागवलात का गं?" ते म्हणाले. "आज तर शुक्रवार. मी अजून फोटो निवडलासुद्धा नाही."