एक ओळ खाली

चहाचा कप ओठाला लावता लावता तिने हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रूममध्ये, वॉर्डातल्या स्क्रीनवर जाणारं डोसांचं पान सहज खालपर्यंत सरकवून पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. डावीकडे वॉर्डातल्या खाटांचे नंबर, उजवीकडे इन्सुलिनचे डोस. अकराव्या खाटेपर्यंत सगळं ठीक होतं. बाराव्या खाटेसमोर मात्र तेरावीचा आकडा येऊन बसला होता. आठाच्या जागी अठ्ठावीस.

सकाळी तिनेच पानाच्या कोडची साफसफाई केली होती. कोडच्या अगदी डोक्यावरची एक ओळ, पान कुठल्या नियमांनी मांडायचं ते ब्राउझरला सांगणारी, तिने उडवली होती. पडद्यावर दिसत तर नाही, मग हवी कशाला? ती ओळ गेली, ब्राउझरने जुन्या काळचे नियम लावले आणि अकराव्यापुढचे खाटांचे नंबर एक ओळ खाली सरकले.

तिने ओळ परत टाकली. आकडे मुकाट आपापल्या जागी गेले. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. ती जिन्याने धावत सुटली. तीन मजले.

"सिस्टर, बारा नंबर! इन्सुलिन देऊ नका!"

सिस्टरने हातातल्या ट्रेकडे पाहिलं. सिरिंज रिकामी होती. "दहा मिनिटं झाली. अठ्ठावीस दिलं. मला जास्त वाटलं हो, पण स्क्रीनवर तसंच होतं. पुढच्यांना अजून द्यायचंय."

"आठच होतं. चूक माझी आहे."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला, पण पाय थांबले नाहीत. डॉक्टर आले, ग्लुकोजची बाटली लागली. दर पंधरा मिनिटांनी बारा नंबरच्या आजींचं बोट टोचायचं, साखर बघायची. ब्याण्णव. एकाहत्तर. अठ्ठावन्न. आजींना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. कुणी तिला बाजूला हो म्हणालं नाही.

त्रेसष्ट. मग अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी तेव्हा कुठे खुर्ची ओढली. "निभावलं. काय झालं ते मला लिहून द्या. सगळं."

तिने मान हलवली.

आजींनी डोळे उघडले. "ही कोण गं?"

"आपल्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम," सिस्टर हळूच म्हणाली.

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. "हात किती गार पडलाय पोरी तुझा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या पांघरुणाचं टोक त्यांनी तिच्या हातावर ओढलं.