अंगठा

साथीच्या तिसऱ्या वर्षीही माणसासमोर तोंड उघडायला बंदी होती, म्हणून वत्सलाबाई कासार सुजलेला गाल घेऊन दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. दाढ यंत्र काढणार होतं. त्याचा पोलादी हात जवळ आला तसं त्यांनी अंग चोरलं.

सुई टोचण्याआधी मात्र यंत्राचा रबरी अंगठा त्यांच्या गालावरून हलकेच फिरला. त्या नादात सुई कधी आत गेली, कळलंच नाही.

"घाबरू नका, मावशी," काचेपलीकडची नर्स स्पीकरवरून म्हणाली. "सगळीकडची यंत्रं असंच करतात. पुण्याच्या डॉक्टर हेमांगी मॅडमच्या हाताची नक्कल आहे ती."

हेमांगी त्यांचीच लेक. ती यंत्राला काहीतरी शिकवते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी बायकांना बांगड्या भरल्या. बांगडी हाडापाशी अडली की त्या मनगटावरून अंगठा फिरवायच्या आणि बाईचं लक्ष तिकडे गेलं की बांगडी अलगद चढवायच्या. लहानगी हेमांगी शेजारी बसून बघत असायची.

दाढ निघाली. वत्सलाबाईंनी मास्क चढवला आणि बधिर ओठांनी सावकाश म्हणाल्या, "हात तिचा असेल, बाई. अंगठा माझा आहे."