वाकडी भिंत

"काका, प्रेमलाच्या घराची भिंत विहिरीला वळसा घालायला वाकवलीय. आमच्या जागेत विहीरच नाही, मग आमची भिंत कशाला वाकडी?"

मोठ्या माणसांत प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून महानंदानं नव्या घराचा नकाशा घेऊन आलेल्या वेणीमाधव साहेबांना हे भर बैठकीत विचारलं. प्रेमलाच्या घराचा नकाशाही त्यांचाच. त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून हा उतरवलाय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिचे आप्पा तिच्यावरच डोळे वटारून बसले. पोरीला मॅट्रिकनंतर नकाशे काढायचा कोर्स करायचा होता, आणि "ते डोक्याचं काम हाय, पोरींचं न्हाय" म्हणत ते दिवाळीपासून अडून बसले होते.

साहेब खाकरले. चहाची बशी बाजूला सारून त्यांनी ट्रेसिंगचा कागद उचलला, पालथा टाकला आणि आप्पांकडं बघत ऐटीत हात झटकले.

"घ्या सिद्धलिंगप्पा, डावीकडची वाकडी भिंत गेली!"

ती आता उजवीकडं वाकडी होती.

"बघ, ह्याला म्हनत्यात डोकं!" आप्पा खूश होऊन म्हणाले. दारातून तिच्या आईनं, अव्वानंही कौतुकानं मान डोलावली.



महानंदा फिस्सकन हसली. "आप्पा, अव्वा, माझं ठरलं. त्या कोर्सला मी जाणारच. साहेबांएवढं गिरवायला तर मला पहिलीतच येत होतं की!"