बिस्किटांचा डबा

डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर आजही नव्हता.

रंगाऱ्याने कुबडीच्या टोकाने पीठ-तांदळाचे डबे सरकवून पाहिले. परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडल्यापासून त्याच्या जिवाला विरंगुळा होता तो त्या बिस्किटांच्या डब्याचा, आणि नेमका त्याच्यावरच बायकोचा डोळा. आधी डबा त्याच्या उशाशी असायचा. मग तो खिडकीत गेला, मग दाराजवळच्या कपाटावर, मग थेट स्वयंपाकघरात. विचारलं की बायको म्हणायची, "साखर वाईट."

बहिणीला मात्र माया होती. ती रोज येऊन त्याच्या पाठीला उशा लावायची, पाण्याचा पेला ओठांशी धरायची. "दादा, तू पायसुद्धा हलवू नकोस. मी आहे ना!"

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंचं उलटंच. "हाड जुळलंय. आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल, मग रंगकाम विसरा." त्या आल्या की रंगारी झोपेचं सोंग घ्यायचा. बायको बाजारात गेली की मात्र तोच पाय त्याला डब्यापर्यंत बरोबर न्यायचा. चोरीला व्यायाम म्हणत नाहीत, अशी त्याची समजूत होती. बायकोही हल्ली बाजारात फार जायची आणि पिशवी रिकामीच घेऊन यायची.

वरून आवाज आला. टक्क. डब्याच्या झाकणाचा. आठवडाभर रोज संध्याकाळी तो गच्चीवरून यायचा आणि रोज संध्याकाळी रंगारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. गच्चीला जिना होता. आयुष्य उंचीवर काढलेल्या माणसाला आता जिना नुसता पाहूनही घाम फुटायचा. हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती.

पण आज त्याचं डोकंच फिरलं. "एकटीच खातेय, बघ!" तो उशा झटकत असलेल्या बहिणीला म्हणाला.

"थांब दादा, मी आणून देते," बहीण धावली.

"खबरदार! तिला मुद्देमालासकट पकडायचंय मला."

पहिल्या चार पायऱ्या रागात गेल्या. वळणावर त्याने खाली पाहिलं आणि त्याचं पाऊल पुढे पडेना. तो मागे फिरणार, इतक्यात पुन्हा टक्क वाजलं. कठडा आवळून, बायकोच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो उरलेला जिना चढला.

बायको गच्चीवर बसली होती. ती हात द्यायलासुद्धा उठली नाही, पण मांडीवरचा डबा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. समोर रिकामी खुर्ची होती, पाय न दुमडता बसता येईल अशी उंच. मध्ये चहाचे दोन कप वाफाळत होते.

"सापडलीस!" रंगारी धापा टाकत म्हणाला.

"बसा," ती म्हणाली. "आठवडाभर तुमच्या वाटणीचा चहा मीच पितेय."