न्हाणीघरात दोघी

कुऱ्हाड ओंडक्यात रुतली ती निघेचना. सुनेने दांडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मग ओंडक्यावर पाय देऊन ओढून पाहिलं. कुऱ्हाड ढिम्म.

"ओढू नकोस. बाजूने हलव," सासूबाई म्हणाल्या.

त्या परसात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना 'बाई'च म्हणायची, आणि त्या समोरून आल्या की मोठमोठी माणसं सायकलवरून उतरायची. गुडघे गेले होते. आवाज मात्र जागच्या जागी होता.

"हो आई. तुम्ही उन्हात बसू नका ना. आत जाता का?"

"बरी आहे मी इथे."

वादळात परसातलं जुनं झाड आडवं झालं होतं. लाकूडतोड्या 'आज येतो, उद्या येतो' करत होता आणि अंघोळीच्या पाण्यापुरतंही जळण उरलं नव्हतं. शेवटी सुट्टीचा दिवस पाहून सुनेनेच ओढणी कमरेला गुंडाळली आणि कुऱ्हाड उचलली. एरवी ती बँकेच्या काउंटरवर बसायची. तिच्या पाच घावांतला एखादाच जिथे पडायला हवा तिथे पडत होता.

नवरा लांबच्या नोकरीवर गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. भांडण म्हणाल तर कधी नाही. "चहा घेता?" "ठेव." "औषध घेतलंत?" "घेतलं." शेजारीण म्हणायची, सासू-सुना असाव्यात तर अशा. सुनेला मात्र रोज संध्याकाळी फाटक उघडताना तोंडी परीक्षेला बसल्यासारखं धडधडायचं. आपण काही बाईंच्या मनात भरलो नाही, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. सरळ नवऱ्याकडे निघून जावं, असं हल्ली मनात घोळत होतं. विषय काढायचा धीर तेवढा होत नव्हता.

कुऱ्हाड एकदाची निघाली. पुढचा घाव पडला तो बद्द वाजला. ओंडका आतून पोकळ होता. फटीतून एक गांधीलमाशी बाहेर आली आणि काठावर बसून राहिली. मग दुसरी आली. मग आत काहीतरी घोंघावत जागं झालं.

"हात झटकू नकोस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "सावकाश मागे ये."

ती सावकाश मागे आली. माश्यांना सावकाशीशी काही देणंघेणं नव्हतं. पहिली तिच्या मानेला डसली. बाकीच्या भसकन बाहेर पडल्या आणि निम्म्या खुर्चीकडे वळल्या. सासूबाई उठायला गेल्या, गुडघ्याने दगा दिला, त्या धपकन पुन्हा खुर्चीत बसल्या.

"तू पळ!" त्या ओरडल्या. "मला वेळ लागेल. जा आत!"

सून पळालीच. पण घराकडे नाही, खुर्चीकडे.

"अगं आई, वेडी झालीस का? ऊठ! माझ्या गळ्यात हात टाक. टाक म्हणते ना!"

तिने कमरेची ओढणी सोडून सासूबाईंच्या डोक्याभोवती गुंडाळली, काखेत हात घालून त्यांना जवळजवळ उचललं आणि फरफटतच न्हाणीघरात नेलं. दार लाथेने लोटलं. कडी घातली. दोन माश्या मागोमाग आत आल्या होत्या, त्यांना तांब्याने भिंतीवर चेचलं. मग ती फरशीवर बसली.

बाहेर माश्या पत्र्याच्या दारावर टपटप आपटत होत्या.

"श्वास नीट येतोय ना? गळा आवळल्यासारखा होत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. तुझा?"

"येतोय."

सासूबाईंचा एक कान भोपळ्यासारखा फुगला होता. वरचा ओठही सुजत होता. सुनेचा डावा डोळा मिटत चालला होता. सासूबाईंनी टॉवेल गार पाण्यात बुडवला, पिळला, आणि तिच्या मानेवर धरला. धरून ठेवला. एवढ्या दिवसांत त्यांचा हात तिच्या मानेला पहिल्यांदाच लागला होता. हात चांगला मऊ होता.

"मघाशी काय म्हणालीस गं मला?" त्यांनी विचारलं.

आत्ता कुठे सुनेला स्वतःचेच शब्द ऐकू आले. अख्खी गल्ली ज्यांच्यासमोर मान वर करत नाही, त्यांना आपण अगं-तुगं केलं. तेही ओरडून.

"चुकलं आई. घाबरले होते. तोंडाला येईल ते बोलून गेले."

"वेडी म्हणालीस."

"हो."

"हं," म्हणून सासूबाईंनी टॉवेल पुन्हा भिजवला.

झालं, सुनेच्या मनात आलं. होतं नव्हतं तेही गेलं. दाराबाहेरची टपटप आता थांबली होती. ती भिंतीला धरून उठली, कपडे नीट केले, आवाजही नीट केला.

"तुम्ही इथेच बसा. माश्या गेल्या का बघते. मग तुम्हाला डॉक्टरांकडे नेते."

कडीकडे गेलेला तिचा हात सासूबाईंनी मनगटाला धरून मागे ओढला. वहीत चूक सापडली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो करायला त्या गेल्या. सुजलेल्या ओठामुळे काही तो जमला नाही.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "अनेकवचन कशाला गं? मी एकटीच तर आहे."